कुत्रा मरतो का

पत्राची सुरुवात 'प्रिय विद्या' अशी.
त्यांच्या यादीत मी विद्या, आडनाव धर.
तेरा वर्षं पैसे भरत होतो, तेव्हा कधी प्रिय नव्हतो.

'तुमच्या सोयीसाठी' हे शब्द दिसले
की आधी खिसा चाचपावा,
एवढं मी एरीला येण्याआधीच शिकलो होतो.
सोय अशी, की डीव्हीडी वेगळ्या, इंटरनेटवरचे सिनेमे वेगळे,
दोन खाती, दोन पासवर्ड, दोन बिलं.
ताटातली पोळी उचलून दुसऱ्या ताटात ठेवायची
आणि दोन जेवणांचे पैसे लावायचे.
वर पोट भरलं का म्हणून विचारायचं.

फोन लावला. चाळीस मिनिटं पियानो.
तळ्यावरून आडवा बर्फ येत होता,
माझी टपालपेटी गळ्यापर्यंत बुडालेली.
तोवर मनात भाषण रचलं, अस्सल मराठीत,
कारण इंग्रजीत मला अजून धड चिडता येत नाही,
मध्येच 'प्लीज' घुसतं.

मग केयला नावाची मुलगी आली.
सकाळपासून शिव्या खाऊन घसा बसलेला.
म्हणाली, सर, मला समजतंय.

तिला काय समजणार.
हे खातं माझ्या एकट्याचं नाही, हे सांगायचीही सोय नाही,
नियमात बसत नाही ते.
सम महिने मी भरतो, विषम महिने लॉरेन,
पलीकडच्या पिवळ्या घरातली लॉरेन वोयचिक,
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डर.
मंगळवारी लिफाफा माझ्याकडे येतो, मी बघतो,
गुरुवारी तिच्या जाळीच्या दारात खोचतो,
शनिवारी ती टपालात टाकते.
डीव्हीडी अडकली तर तिच्यावर हाः करून
फ्लॅनेलच्या शर्टाला पुसते.

तिला गोष्ट नको असते, नटनट्या नकोत.
एकच विचारते, कुत्रा मरतो का?
म्हणून मी आत चिठ्ठी ठेवतो.
'कुत्रा नाही. घोडा आहे, जगतो.'
'एक तास अठरा मिनिटं झाली की उठून चहा टाक.
सहा मिनिटांनी ये.'
'मांजर. काळजी नको, तिलाच कुणाची पर्वा नाही.'

एकदा मी मध्येच झोपलो
आणि बिनदिक्कत लिहिलं, 'कुत्रा नाही.'
होता.
एप्रिलपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आता इंटरनेटवरचा सिनेमा कसल्या लिफाफ्यातून येणार?
चिठ्ठी कुठे घालू?
ते मला सुचवतात, तुम्ही ते पाहिलंत, म्हणून हे आवडेल,
त्र्याण्णव टक्के.
उरलेल्या सात टक्क्यांत कोण मरतं, ते सांगत नाहीत.

यातलं काहीच केयलाला बोललो नाही.
म्हटलं, डीव्हीडीचं खातं बंद कर. प्लीज.
शेवटी यंत्राने विचारलं, एक ते पाच, किती समाधानी?
पाच दाबलं. तिचा काय दोष.

लॉरेनला सांगितलं तर ती फावडं टेकवून म्हणाली,
बरं झालं, पैसे वाचले,
मुलीने टल्साहून मोठा टीव्ही पाठवलाय,
त्यात सगळं येतं.
फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.
हे खरं तर लिहिणार नव्हतो.

काल रात्री लॅपटॉपवर एक सिनेमा लावला.
दुसऱ्याच मिनिटाला कुत्रा.
तपकिरी, एक कान पडलेला, असे हमखास जातात.
मी खुर्ची बदलली, कडक कॉफी केली,
दीड वाजेपर्यंत पापणी मिटू दिली नाही.

सकाळी ड्रॉवरमध्ये एक जुना लिफाफा सापडला,
परत करायचा राहून गेलेला, डीव्हीडी नसलेला.
बूट चढवले, गुडघाभर बर्फातून गेलो,
तिच्या जाळीच्या दारात तो खोचला.

आत सिनेमाचं नाव, आणि खाली,
'कुत्रा आहे. जगतो.
मी शेवटपर्यंत जागा होतो.'